पैसा मोजला, माणूस कोण मोजणार?

परदेशीं गेलेल्या माणसांनीं मायदेशीं धाडलेल्या पैशांत सर्व जगांत भारताचा क्रमांक पहिला लागतो, ही गोष्ट आतां कोणास नवी राहिलेली नाहीं. २०२२ सालीं ही रक्कम ११,१०० कोटी डॉलरांच्या पुढें गेली, आणि एका वर्षांत १०,००० कोटी डॉलरांची वेस ओलांडणारा भारत हा पहिलाच देश ठरला. २०२४ सालचा जागतिक बँकेचा अंदाज १२,९०० कोटी डॉलरांचा होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणें ह्या ओघाचा पांचवा हिस्सा, म्हणजे शेंकडा २०.५, एकट्या महाराष्ट्राच्या वांट्यास आला, व त्यानें केरळास (शेंकडा १९.७) थोडक्यांत मागें टाकलें. पेढीवरचा मुनीम जमेची बाजू जितक्या काळजीनें लिहितो तितक्याच काळजीनें हे आंकडे लिहिले जातात, आणि तसे ते लिहिले जावे हें योग्यच आहे. परंतु ज्यांच्या घामानें जमेची ही बाजू फुगली तीं माणसें किती, कोणत्या गांवचीं, कोणत्या कराराखालीं व कोणाच्या दारीं राबत आहेत, असा प्रश्न त्याच मुनिमास केला तर वही कोरी निघते. पैसा पैपर्यंत मोजला जातो. माणूस मात्र अंदाजानें. परदेशगमन व देशाचा विकास ह्यांसंबंधानें राष्ट्राराष्ट्रांत जें सहकार्य चाललें आहे, त्यांत भारतानें कोणत्या बाजूनें व किती जोरानें बोलावें, ह्याचा विचार ह्या कोऱ्या वहीपासूनच सुरू करावा लागेल असें आम्हांस वाटतें.

हा विचार करण्यास कारणहि तसेंच घडलें आहे. मजूर बाहेर धाडणाऱ्या आशियांतील राष्ट्रांनीं २००३ सालीं कोलंबो येथें एकत्र बसून आपसांत सल्लामसलत करण्याची एक वहिवाट पाडली. तिला 'कोलंबो प्रोसेस' असें नांव आहे. आरंभीं दहा राष्ट्रें होतीं, पुढें बारा झालीं. भारत पहिल्यापासून सभासद आहे. तथापि ह्या मंडळाचें अध्यक्षपद त्याजकडे प्रथमच आलें तें २०२४ सालच्या मे महिन्यांत, दोन वर्षांकरितां. मध्यंतरीं एकवीस वर्षें गेलीं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जन्मानें भारतीय असून परदेशीं राहणारे लोक सुमारे १ कोटी ८० लाख होते. एवढीं माणसें दुसऱ्या कोणत्याहि देशाचीं बाहेर नाहींत. ज्याचीं माणसें सर्वांत अधिक त्यानें एकवीस वर्षें मागच्या रांगेंत बसावें, ही गोष्ट त्या देशाच्या इतिहासास शोभणारी नाहीं.

इतिहासास शोभणारी नाहीं असें आम्ही म्हणतों, कारण ह्याच विषयांत हा देश एके काळीं सर्वांच्या पुढें होता. १८३४ सालापासून मॉरिशस व पुढें इतर वसाहतींत हिंदी मजूर करारानें जाऊं लागले. पांच वर्षांचा करार, तो मोडल्यास तुरुंग, माणशी दस्तुरी घेऊन भोळ्या खेडुतांस भुलविणारे 'अरकाटी', आणि शंभर पुरुषांमागें चाळीस बायका असा हिशेब, हें त्या गिरमिटाचें स्वरूप होतें. मॉरिशसमधील आपल्या मराठी बांधवांचे पूर्वज ह्याच मार्गानें मुंबई बंदरांतून तेथें गेले. रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं १९१० च्या फेब्रुवारींत नाताळची मजूरभरती बंद करण्याचा ठराव वरिष्ठ कायदेकौन्सिलांत आणला. तो सरकारनें मानला व १९११ च्या जुलैपासून नाताळचा मार्ग बंद झाला. १९१२ च्या मार्चांत त्यांनीं ही पद्धतिच सर्वत्र बंद करावी असा दुसरा ठराव आणला. तो मतांनीं पडला. परंतु पडलेला ठराव मेला नाहीं. १९१६ सालीं पंडित मदनमोहन मालवीय यांनीं तोच विषय पुन्हां उभा केला, फिजी बेटांतील हालांची हकीगत अँड्र्यूज व पिअर्सन ह्या दोघां सज्जनांनीं प्रत्यक्ष पाहून प्रसिद्ध केली, आणि १९१७ सालीं भरती थांबली. १९२० च्या पहिल्या दिवशीं फिजींतील उरलेसुरले करारहि रद्द झाले.

ह्या लढ्यांत दोन गोष्टी ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. आपल्या लोकांनीं समुद्र ओलांडूंच नये असें त्या लढ्याचें म्हणणें नव्हतें. माणूस ज्या अटींवर जातो त्या अटी त्यास समजल्या पाहिजेत व त्या मोडण्यास तो मोकळा असला पाहिजे, एवढेंच होतें. दुसरी गोष्ट अशी कीं, त्या वेळीं आपल्या हातीं सत्ता नव्हती. कौन्सिलांत बोलण्याची जी थोडी मुभा होती तिचाच उपयोग करून त्या पिढीनें साम्राज्याचा एक जुना धंदा बंद पाडला. आज सत्ता आपली आहे, परदेशी वकिलाती आपल्या आहेत, जगाच्या प्रत्येक सभेंत आपली खुर्ची आहे. तेव्हां त्या पिढीहून आपण अधिक करूं शकतों. करीत आहों काय, हा प्रश्न आहे.

गिरमिट गेलें, परंतु अरकाटी गेला असें म्हणवत नाहीं. आखातांतील सहा देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. त्यांत दुकानदार आहेत, डॉक्टर व इंजिनियर आहेत. परंतु मोठा भरणा गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, आचारी व झाडूवाले ह्यांचाच आहे. १९८३ सालच्या परदेशगमनाच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, जो दहावी उतरलेला नाहीं त्यास ठराविक देशांत (हे देश अठरा आहेत) नोकरीस जावयाचें असल्यास सरकारी संरक्षक-अधिकाऱ्याची मंजुरी लागावी. भरती नोंदलेल्या एजंटामार्फतच व्हावी, एजंटानें मजुराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर ह्यांहून अधिक घेऊं नये, मजुराचा विमा उतरावा, असेहि नियम आहेत. नियम वाईट नाहींत. पण नोंदलेल्या एजंटाच्या खालीं न नोंदलेला पोटएजंट असतो, तो गांवांतलाच व बहुधा ओळखीचा असतो, आणि खरा व्यवहार त्याच्या ओटीवर होतो. तेथें पावती नसते. तीस हजारांच्या जागीं लाखाच्या पुढें रकमा मोजाव्या लागल्याच्या तक्रारी नेहमीं ऐकूं येतात. हा पैसा घरांतले दागिने गहाण टाकून किंवा सावकाराच्या दारीं जाऊन उभा होतो. मजूर विमानांत पाय ठेवतो तेव्हांच तो कर्जदार झालेला असतो, आणि आरंभीचे कित्येक महिने त्याची कमाई घराकडे न जातां व्याजाकडे जाते.

तेथें उतरल्यावर कित्येकांच्या नशिबीं दुसरा फेरा येतो. मुंबईंत दाखविलेला करार बदललेला असतो, सुताराचा हमाल होतो, पासपोर्ट मालकाच्या कपाटांत जाऊन पडतो. 'कफाला' नांवाच्या पद्धतीप्रमाणें मजुराचा राहण्याचा परवाना मालकाच्या नांवाशीं बांधलेला असतो. पगार थकला तरी मालक सोडण्याची सोय नाहीं, अशी ह्या पद्धतीची मूळ घडण होय. गांवीं सावकार व तेथें मालक, असा तो दोहों बाजूंनीं अडकतो. २०२४ सालच्या १२ जून रोजीं कुवेतमधील मंगाफ येथें मजूर राहत असलेल्या इमारतीस आग लागून ४५ भारतीय मृत्यु पावले, तेव्हां सर्व देश हळहळला, विमान धाडून शवें आणलीं गेलीं, कुटुंबांस मदत जाहीर झाली. हें सर्व उचितच झालें. परंतु एका इमारतींत इतकीं माणसें कोंबून ठेवण्याची रीत त्या रात्रीं जन्मली नव्हती. ती आपल्या वकिलातीस, आपल्या सरकारास व तेथें पैसा कमावणाऱ्या आपल्याच कंत्राटदारांस आधींपासून ठाऊक होती.

आमच्या व्यापारी वाचकांस हा प्रश्न आम्ही त्यांच्याच भाषेंत विचारतों. हापूसच्या पेट्या दुबईस धाडावयाच्या असल्या तर बिजक, तपासणीचा दाखला, विमा व पैसे मिळण्याची हमी ह्यांवांचून कोणी शहाणा व्यापारी माल हलवितो काय ? घेणाऱ्याची पत पाहिल्याशिवाय एक तरी पेटी बोटीवर चढते काय ? त्याच पेट्या उतरून घेणारा रत्नागिरीचा मुलगा त्याच दुबईस जातो, तेव्हां कराराची भाषा त्यास वाचतां येत नाहीं, मालकाची पत कोणी पाहिलेली नसते, आणि नुकसान झाल्यास दाद कोठें मागावी हें त्यास कोणी धड सांगितलेलें नसतें. नासक्या आंब्याची भरपाई मिळते. बुडालेल्या पगाराची मिळत नाहीं. जो व्यवहार आपण मालाच्या बाबतींत एक दिवस चालू देणार नाहीं तो माणसाच्या बाबतींत पिढ्यान्‌पिढ्या चालू दिला आहे.

दहावी उतरलेल्यांची स्थिति एका अर्थानें ह्याहूनहि विचित्र आहे. त्यांस मंजुरी लागत नाहीं, म्हणून त्यांची नोंदहि होत नाहीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत परराष्ट्र खात्यानें अशांनीं नोकरीस निघण्यापूर्वीं नांव नोंदवावें, न नोंदविल्यास विमानांत चढूं दिलें जाणार नाहीं, असें जाहीर केलें; ओरड झाली व त्याच महिन्यांत तें स्थगित झालें. ओरड रास्त होती, कारण नागरिकास विमानतळावर अडविण्याची भाषा कोणास रुचेल ? परंतु दटावणी गाळून नोंदणी ठेवतां आली असती. दटावणीबरोबर नोंदणीहि टाकून दिली, आणि वही पुन्हां कोरी राहिली.

स्त्रियांच्या बाबतींत तर संरक्षणाच्या नांवानें केलेला नियमच संरक्षणाच्या आड येत आहे. मंजुरी लागणाऱ्या वर्गांतील स्त्रीस तीस वर्षांच्या आंत ह्या देशांत नोकरीस जातां येत नाहीं. २०१६ पासून तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असाहि निर्बंध आला. हेतु चांगला, फळ निराळें. ज्या विधवेस किंवा नवऱ्यानें टाकलेल्या बाईस मुलांसाठीं जाणें भाग आहे ती थांबत नाहीं. ती पाहुणी म्हणून व्हिसा काढून जाते, आणि तेथें परक्या घरांत धुणींभांडीं करूं लागते. मग मारहाण झाली, पगार थकला, तरी तिची नोंद कोठेंच नसल्यामुळें तिची तक्रारहि कोठेंच नसते. स्त्रीस घरांत कोंडून तिचें रक्षण होतें, ही समजूत ह्या देशांतील सुधारकांनीं शंभर वर्षांपूर्वीं खोडून काढिली. ती आतां पासपोर्ट-कचेरीच्या दारानें पुन्हां आंत आली आहे.

आतां राष्ट्राराष्ट्रांच्या सभांकडे वळूं. ह्या सभांचा पसारा मोठा आहे. मुख्य तेवढ्यांचाच उल्लेख करितों. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें परदेशी मजुरांसंबंधीं १९४९ व १९७५ सालीं दोन करारनामे केले. संयुक्त राष्ट्रांनीं १९९० च्या १८ डिसेंबर रोजीं परदेशी मजूर व त्यांचीं कुटुंबें ह्यांच्या हक्कांचा करारनामा मंजूर केला व तो २००३ सालीं अंमलांत आला. ह्या तिहींपैकीं एकावरहि भारतानें स्वतःस बांधून घेतलेलें नाहीं. उलट, फिलिपाइन्स, श्रीलंका, बांगला देश व इंडोनेशिया ह्या आपल्यासारख्याच मजूर धाडणाऱ्या राष्ट्रांनीं १९९० चा करारनामा स्वीकारला आहे. २००७ सालीं ब्रुसेल्स येथें 'स्थलांतर व विकास' ह्या विषयावरील जागतिक मंडळाची पहिली सभा भरली. त्यानंतर फिलिपाइन्स, मेक्सिको, बांगला देश, मोरोक्को इत्यादि राष्ट्रांनीं त्याचें यजमानपद घेतलें. २०१२ सालीं तें मॉरिशसनें घेतलें. ज्या बेटावर आपले मजूर गिरमिट करून उतरले त्या बेटानें ही सभा भरविली, आणि जेथून ते निघाले त्या देशानें एकदांहि भरविली नाहीं. आखाती देश व मजूर धाडणारे देश ह्यांच्यांतील अबू धाबीच्या बैठका २००८ पासून चालू आहेत. तेथें आपण जातों. २०१८ च्या डिसेंबरांत माराकेश येथें सुरक्षित व सुव्यवस्थित स्थलांतराचा जागतिक मसुदा मान्य झाला व संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत तो १५२ विरुद्ध ५ मतांनीं संमत झाला. बारा राष्ट्रें तटस्थ राहिलीं. भारतानें अनुकूल मत दिलें, त्याबद्दल त्याचें अभिनंदन केलें पाहिजे.

पण त्या मसुद्याच्या तेवीस कलमांपैकीं सहावें कलम काय सांगतें ? भरतीचा खर्च मजुराच्या माथीं मारण्यास बंदी करावी, तो मालकानें सोसावा, असें तें सांगतें. बाहेर आपण ह्यास हात वर केला, आणि घरीं आपल्याच नियमानें तीस हजार रुपयांपर्यंत मजुराकडून घेण्यास एजंटास मुभा आहे. जो देश सभेंत शून्य म्हणतो व घरीं तीस हजार म्हणतो, त्याच्या शब्दास आखातांतील मालकांनीं कोणता भाव द्यावा ? असे मसुदे कोणास कायद्यानें बांधीत नाहींत, म्हणूनच त्यांस मत देणें सोपें जातें, अशी शंका कोणी घेतली तर तिला उत्तर देणें कठीण आहे.

येथें आक्षेपक म्हणतील कीं, करारनाम्यावर सही करून काय साधणार ? ज्या देशांत आमचे मजूर जातात त्यांपैकीं एकाहि आखाती देशानें १९९० च्या करारनाम्यावर सही केलेली नाहीं. तेव्हां बंधन आम्हांवर येईल आणि मोकळे ते राहतील. हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड दिसतो. त्यास कतारचें उदाहरण हें आमचें उत्तर आहे. कतारनें वेठबिगार व कारखान्यांची तपासणी ह्यांसंबंधींच्या मजूर संघटनेच्या जुन्या करारनाम्यांवर पूर्वींच सही केलेली होती. ती सही वर्षानुवर्षें कागदावर पडून होती. २०१४ सालीं मजूर संघटनेच्या परिषदेंत निरनिराळ्या देशांच्या कामगार-प्रतिनिधींनीं तीच सही पुढें करून कतारविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. फुटबॉलच्या जागतिक सामन्यांमुळें सर्व जगाचे डोळे तेथें लागले होतेच. तक्रार मिटविण्यासाठीं कतारला सुधारणेचा कार्यक्रम मान्य करावा लागला, २०१८ सालीं मजूर संघटनेची कचेरी दोहा येथें उघडली, आणि २०२० सालीं मालकाच्या परवानगीवांचून नोकरी बदलण्याची मुभा देणारा कायदा झाला. कायदा झाला म्हणजे जुलूम संपला असें नव्हे. परंतु एरव्हीं जी गोष्ट अशक्य मानिली जात होती ती, पडून असलेल्या एका सहीच्या आधारानें, सहा वर्षांत घडली. आणि ती तक्रार करणारे हात कामगार-प्रतिनिधींचे होते. ज्यांचीं माणसें तेथें राबत होतीं त्या सरकारांचे नव्हते, हेंहि विसरूं नये.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आपण अटी वाढविल्या तर काम नेपाळी वा बांगला देशी मजुराकडे जाईल, आणि आपली माणसें घरीं बसतील, असें म्हणतात. ह्या भीतीनेंच २०२० च्या सप्टेंबरांत आपल्या सरकारनें आखाती देशांकरितां ठरविलेल्या किमान पगाराच्या मर्यादा बऱ्याच खालीं आणल्या. महामारीच्या दिवसांत नोकऱ्या टिकाव्या हा हेतु सांगण्यांत आला. परिणाम असा कीं, तेंच काम करणाऱ्या मजुरास कमी पगार देण्यास मालकास आपल्याच सरकारचें पत्रक मिळालें. मजुरांच्या संघटनांनीं ओरड केली, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २०२१ सालीं जुन्या मर्यादा पुन्हां आणाव्या लागल्या. एकट्यानें भाव पाडला तर शेजाऱ्यासहि पाडावा लागतो, आणि शेवटीं मालकाखेरीज कोणाचेंच हित होत नाहीं, हें बाजारांत बसणाऱ्यांस सांगण्याची गरज नाहीं. म्हणूनच धाडणाऱ्या बारा राष्ट्रांनीं एकत्र बसून एका खालीं कोणी उतरूं नये असा पगाराचा व अटींचा समान पाया ठरविणें, हेंच कोलंबोच्या बैठकींचें खरें काम होय. आजवर त्या बैठकींत कौशल्याचे दाखले, निघण्यापूर्वींचें शिक्षण, पैसे धाडण्याचा खर्च अशा विषयांवर बरीच उपयुक्त चर्चा झाली. परंतु पगाराचा समान पाया हा प्रश्न कडेलाच राहिला. सर्वांत मोठें राष्ट्र पुढें झाल्याखेरीज तो कडेचा मध्यें येणार नाहीं.

फिलिपाइन्सचें राष्ट्र आपल्याहून किती तरी लहान. परंतु १९९५ सालीं त्यांनीं कायदा केला कीं, जेथें आपल्या मजुरांच्या हक्कांस संरक्षण आहे त्याच देशांत त्यांस धाडावें. २००६ सालीं घरकामास जाणाऱ्या स्त्रीस दरमहा ४०० डॉलरांहून कमी पगार चालणार नाहीं व तिच्याकडून भरतीची फी घ्यावयाची नाहीं, असें ठरविलें. २०१८ सालीं एका मोलकरणीचा खून उघडकीस आल्यावर कुवेतला मजूर धाडणें थांबविलें व कुवेतनें करारावर सही केल्यावरच पुन्हां सुरू केलें. २०२१ च्या अखेरीस तर परदेशी मजुरांसाठीं निराळें मंत्रिखातेंच उभारण्याचा कायदा केला. आपल्याकडे परदेशस्थ भारतीयांसाठीं २००४ सालीं निराळें खातें निघालें होतें. २०१६ सालीं तें परराष्ट्र खात्यांत विलीन झालें. फिलिपाइन्समध्येंहि दलाल आहेत, लबाडी आहे, तेथील बायकांचेहि हाल होतात. तरी त्यांच्या अटींमुळें जग त्यांच्या मजुरांस टाळूं लागलें असें दिसत नाहीं.

भारत सरकार परदेशांशीं करार करीतच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, इटली ह्यांच्याशीं गेल्या कांहीं वर्षांत जाण्यायेण्याचे करार झाले. जपानशीं कुशल कामगारांबद्दल २०२१ सालीं झाला. बेल्जमपासून जपानपर्यंत अनेक देशांशीं असेहि करार आहेत कीं, तेथें कापलेला निवृत्तिनिधि आपल्या माणसाचा बुडूं नये. हें काम चांगलें आहे. परंतु ह्या यादीकडे बारकाईनें पाहिल्यास एक गोष्ट डोळ्यांत भरते. पदवीधर जेथें जातो तेथें त्याच्या पेन्शनीची काळजी वाहणारा करार आहे. गवंडी जेथें जातो तेथें बहुधा समजुतीचा कागद आहे, जो न्यायालयांत दाखवितां येत नाहीं. २०१६-१७ सालीं परदेशांतून येणाऱ्या पैशांत आखाती देशांचा वांटा शेंकडा ४७ च्या आसपास होता, २०२३-२४ सालीं तो ३८ वर आला, आणि अमेरिकेचा वाढला. ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, आतां गवंड्याची फारशी गरज उरली नाहीं. देशास डॉलरांच्या हिशेबानें ती कमी वाटेल. परंतु ज्या घराची चूल त्या गवंड्याच्या पगारावर पेटते, त्या घरास शेंकडेवारी ठाऊक नाहीं.

आणि जी गोष्ट आपण दुसऱ्याकडे मागतों ती आपण देतों काय, हाहि प्रश्न टाळतां येणार नाहीं. कोंकणांतील तरुण आखातास जातो आणि त्याच्या बागेची राखण करण्यास नेपाळचा माणूस येतो. रत्नागिरीच्या आंबाबागांत व मासेमारीच्या होड्यांवर, मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या फाटकांवर तो उभा आहे. १९५० च्या तहानें त्यास येथें येण्याची व काम करण्याची मोकळीक आहे. पण त्याचा पगार, त्याची राहण्याची खोपी, अपघात झाल्यास त्याची भरपाई, ह्यांची नोंद किती बागाईतदार ठेवतात? आपला मुलगा परक्या मुलखांत ज्या वागणुकीबद्दल अश्रु ढाळतो, तीच वागणूक आपल्या बागेंत दुसऱ्याच्या मुलास मिळत असेल, तर आपली मागणी दुबळी होते. भारत हा धाडणारा देश आहे तसा घेणाराहि आहे. १९९० च्या करारनाम्यावर सही करण्यास आपण कचरतों ह्याचें खरें कारण येथें तर नसेल ना, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. पहिली, भरतीची फी मजुरानें भरावयाची नाहीं, मालकानें भरावयाची, असा नियम व्हावा, व पोटएजंटाच्या कृत्याबद्दल नोंदलेल्या एजंटास जबाबदार धरावें. दुसरी, १९८३ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा करण्याचे मसुदे २०१९, २०२१ व २०२५ सालीं लोकांपुढें आले. पहिले दोन तसेच विरले. नव्या कायद्यांत मजुरास स्वतः तक्रार करण्याचा व वकिलातीकडून कायद्याचें साह्य मिळण्याचा हक्क असावा. तें साह्य वकिलातीची मेहेरबानी म्हणून नसावें. तिसरी, स्त्रियांवरील वयाची बंदी काढून त्या जागीं तपासलेला करार, तपासलेला मालक व नियमित विचारपूस हीं यावीं. चौथी, अडवणूक न करतां सर्वांची नोंद व्हावी, आणि केरळांत १९९८ पासून तिरुवनंतपुरमच्या संशोधकांनीं घरोघर जाऊन जशी पाहणी चालविली आहे तशी महाराष्ट्रांत व्हावी. ज्या राज्यास पांचवा हिस्सा मिळतो त्यानें तो कोणाच्या कमाईचा हें जाणून घेतलें पाहिजे. पांचवी, भारतानें १९९० चा करारनामा स्वीकारावा, आणि शेजारी राष्ट्रांस घेऊन आखाती देशांपुढें पगाराचा समान पाया ठेवावा.

ह्या मागण्या दिल्लीस करावयाच्या असल्या तरी कांहीं कामें गांवांतच होण्यासारखीं आहेत. तालुक्याच्या ठिकाणीं वकील, शिक्षक व व्यापारी ह्यांनीं मिळून आठवड्यांतून एक दिवस बाहेर जाणाऱ्यांचे करार मराठींत समजावून सांगावे, एजंटाचें नांव सरकारी यादींत आहे कीं नाहीं तें पाहून द्यावें, पैसे दिल्याची पावती घेण्याची संवय लावावी. पतपेढ्यांनीं अशा मजुरांस माफक व्याजानें कर्ज दिल्यास सावकाराचा निम्मा जोर तेथेंच जाईल. ह्याला मोठें भांडवल लागत नाहीं. लाज लागते, आणि ती आमच्या वाचकांत आहे असा आमचा विश्वास आहे.

१९१२ सालीं गोखल्यांच्या बाजूस मतें कमी पडलीं, तरी कौन्सिलांतील प्रत्येकास प्रश्न काय आहे हें कळून चुकलें होतें. आज आपल्या लोकसभेंत मतांची वाण नाहीं. हा प्रश्न धरून बसणारा सभासद मात्र शोधावा लागतो. ज्या मतदारसंघांतून हजारों तरुण दरसाल बाहेर जातात, तेथील मतदारांनीं पुढल्या निवडणुकींत उमेदवारास रस्ते व पाणी ह्यांबरोबर हाहि एक प्रश्न विचारावा : आमची जीं माणसें बाहेर गेलीं आहेत तीं किती, आणि त्यांच्यासाठीं तुम्ही काय करणार आहां ?